चाळीस ग्रॅम

पाच किलोच्या वर एक ग्रॅम चालत नाही.
काटा इलेक्ट्रॉनिक आहे, त्याला भीड नाही.

सोनपरी लाँच जायची तेव्हा
मी नजरेनेच वजन करायचे:
कांद्याची सहा पोती, तेलाचे डबे, दोरखंड,
एकदा तर जिवंत बोकड.
धर्मा नाखवा पोत्याला पायाने ढोसायचा,
म्हणायचा, "जाते गो, बांध."

आता न्हाव्याच्या गोदामाच्या गच्चीवर
पिवळ्या रंगाचा गोल काढलाय.
त्यात उभं राहायचं नाही.
ऋतुराज घोरपडे, वय तेवीस, गाव म्हसवड,
समुद्रावर रोज जातो
आणि त्याच्या चपला कोरड्या.
विमानतळाकडून सातची परवानगी येते.
पंपाचं गॅस्केट, रक्तदाबाच्या गोळ्या,
सहीचे कागद, सिमकार्डं
अकरा मिनिटांत नांगरावरच्या जहाजावर.
चिंचेवरचे बगळे पहिला आठवडा उठले,
मग त्यांनीही नाद सोडला.

त्या मंगळवारी सगळं मिळून भरलं
चार किलो नऊशे साठ.
चाळीस ग्रॅम मोकळे.
माझी आई शेजारणीची वाटीसुद्धा
रिकामी परत द्यायची नाही,
काही नसलं तर साखरेचे चार दाणे.
मागच्या भिंतीशी कढीपत्ता आहे.
दोन डहाळ्या कापल्या, कागदात गुंडाळल्या,
यादीत लिहिल्या नाहीत.

ड्रोन येतो तो रिकामा.
रिकामाच यावा, असा नियम आहे.
गुरुवारी ऋतुराजच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली:
परतीचं वजन, एकतीस ग्रॅम.
तो घाबरला. मी म्हटलं, उतरव आधी.

हुकाला मोजा बांधलेला, निळा, धुतलेला.
आत चष्मा, एका कांडीचा,
दुसरी कांडी वेगळी,
आणि बिलाच्या पाठीवर लिहिलेलं:

"कढीपत्ता पोचला. आमटीला वास आला,
पोरं दोनदा जेवली.
मी दाभोळचा. चार महिने पाय जमिनीला नाही,
इथून दिवे दिसतात तुमचे.
कांडीचा स्क्रू पडला,
डाळीतले खडे दिसत नाहीत.
जमलं तर.
इब्राहिम मुकादम, भंडारी."

उलव्याच्या चष्मेवाल्याने पैसे घेतले नाहीत.
स्क्रू एवढा बारीक
की त्याचा भाव त्यालाही माहीत नव्हता.
काचा पुसून दिल्या फुकट.

शुक्रवारी वारा.
यंत्राने आपलं आपणच ठरवलं, उड्डाण नाही.
शनिवारीही वारा.
रात्री जहाजाने नांगर उचलला.
ऋतुराजने मला ठिपका दाखवला,
ठिपका खांदेरी ओलांडत होता.
"मावशी, आता रेंजच्या बाहेर,"
तो म्हणाला, जणू त्याचीच चूक होती.

मी जेट्टीवर गेले.
धर्मा नाखवा ओंडक्यांवर चढवलेल्या सोनपरीच्या सावलीत
बिडी विझवत बसलेला.
त्याला सगळं सांगितलं.
त्याने आधी वारा बघितला, मग पाणी, मग मला.
"असल्या वाऱ्यात काय, डोळे मिटून गेलो असतो,"
म्हणाला.
"इंजिन विकलं गो, मे महिन्यात."
मग बराच वेळ दोघं
त्या इंजिनाच्या जागेकडे बघत बसलो.
तिथे कुणाची तरी कोंबडी अंड्यावर बसली होती.

चष्मा माझ्या खणात आहे, मोज्यात घालून.
काल कुणी नव्हतं तेव्हा डोळ्यांना लावला.
काट्यावरचे आकडे लख्ख दिसले,
नखातली माती, चिकटपट्टीचे दात,
पावतीवरचं बारीक छापलेलंसुद्धा.
मान वर केली
तर जहाजं, पूल, घारापुरी,
सगळं एकात एक कालवलेलं,
कुठलं येणारं आणि कुठलं जाणारं
काही कळेना.

आज बावीस ग्रॅम मोकळे राहिले.
जहाज कुठलं तरी परकं, नाव वाचता येत नाही.
ऋतुराजने माझ्याकडे बघितलं
आणि मुद्दाम गच्चीच्या जिन्याकडे तोंड फिरवलं.

कात्री घेऊन मी मागच्या दाराने गेले.